वॉर्डातल्या मावशींना काय दिसतं

नमस्कार श्रोतेहो.

एका आजोबांपासून सुरुवात करते. मी तेव्हा रात्रपाळीची सिस्टर होते. मांडीचं हाड मोडलं म्हणून आजोबा दाखल झाले होते. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, त्यांना आधीपासून होता. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण रात्र झाली की ते अंगावरची चादर ओढायचे, तिची कड चिमटीत धरून बोटाबोटानं पुढे सरकवायचे, आणि मधेच हात सलाईनच्या नळीकडे जायचा. दोनदा नळी निघाली. मी केसपेपरवर लिहिलं, 'रुग्ण अस्वस्थ, सहकार्य करत नाही', आणि त्यांच्या हातांना पट्ट्या बांधल्या.

तिसऱ्या रात्री फरशी पुसायला आलेल्या मावशी त्यांच्या खाटेपाशी थांबल्या. बांधलेल्या हातांचीही बोटं चालूच होती. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे शिवतायत. चांगला पाय बघा ना, खालीवर करतायत. मशीन चालवतायत."

सकाळी मुलगी आली तेव्हा विचारलं. आजोबांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं होतं. आमच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता, आणि त्यात आम्ही लिहिलं होतं 'निवृत्त'. त्या दिवशी पट्ट्या सोडल्या आणि त्यांच्या मांडीवर दोन टॉवेल दिले. ते कडा जुळवत, घड्या घालत बसले. हात नळीकडे गेला नाही.

मी त्या पट्ट्या बांधल्या होत्या, हे मला आजही टोचतं. म्हणूनच आज तुमच्याशी बोलायचं आहे ते डॉक्टरांविषयी नाही, सिस्टरांविषयीही नाही. रुग्णालयातल्या ज्या माणसांच्या नावापुढे कुठलीही वैद्यकीय पदवी नाही त्यांच्याविषयी: सफाई करणाऱ्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, दारावरचे सुरक्षारक्षक, जेवणाची गाडी घेऊन येणारे, नोंदणीच्या खिडकीत बसणारे, लिफ्ट चालवणारे, चादरी धुणारे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते, आणि दरवर्षी त्यात सुमारे एक कोटी नव्या रुग्णांची भर पडते. ही माणसं रुग्णालयात येतात ती बहुधा डिमेन्शियासाठी नाहीच. पडतात, न्यूमोनिया होतो, लघवीचा संसर्ग होतो, म्हणून येतात. आणि आल्यावर त्यांच्याभोवतीचं सगळं ओळखीचं जग एका झटक्यात नाहीसं होतं. खाट वेगळी, दिवे रात्रभर चालू, कुठलं तरी यंत्र सारखं वाजतंय, दर पाळीला नवे चेहरे. नवी गोष्ट लक्षात ठेवणं हेच ज्याला जमत नाही, त्याला आपण विचारतो, "मघाशीच सांगितलं ना आजोबा, उठायचं नाही म्हणून?"

अशा रुग्णाच्या खाटेपाशी दिवसभरात कोण किती वेळ असतं, हे एकदा नुसतं बसून मोजावं. डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा. सिस्टर औषधाला येते, बीपी बघते, पुढच्या खाटेकडे जाते. पण कचऱ्याची बादली न्यायला कुणी येतं, चादर बदलायला येतं, पाण्याचा जग भरायला येतं, ताट ठेवायला येतं, ताट उचलायला येतं, एक्स-रेला न्यायला येतं. रुग्णाला यातला कोण डॉक्टर आणि कोण मामा, ते कळत नाही. त्याला कळतो तो सूर. चेहरा रागावलेला आहे की मवाळ, हात ओढतोय की आधार देतोय. नाव, तारीख, नातं विसरलेल्या माणसालाही हे कळतं, आणि शेवटपर्यंत कळत राहतं.

स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांचं उदाहरण घेते. कागद हातात, घाई आहे, खाली एक्स-रेवाले थांबलेत. मामा मागून येतात, व्हीलचेअरचा ब्रेक काढतात आणि निघतात. आता खुर्चीतल्या आजींच्या जागेवरून बघा. कुणी तरी मागून त्यांना उचलून कुठे तरी न्यायला लागलं आहे. त्या किंचाळतात, नख लावतात, आणि मग 'हिंसक पेशंट' असा शिक्का बसतो. यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. समोरून यायचं. वाकून किंवा उकिडवं बसून डोळ्यांच्या पातळीवर यायचं. आपलं नाव सांगायचं. एका वेळी एकच वाक्य: "आजी, आपण फोटो काढायला जाऊ." मग थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो, कारण शब्द आत पोहोचायलाच वेळ लागतो. आपण घाईघाईनं तेच वेगळ्या शब्दांत परत बोललो, तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वाटेत काय येणार तेही सांगत जायचं: आता लिफ्ट, आता उंबरठा, थोडा धक्का बसेल. या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही प्रशिक्षण घेतो, त्यात मी मामांनाच व्हीलचेअरमध्ये बसवते, डोळ्यांवर धूसर चष्मा लावते आणि न सांगता ढकलते. मग पुढचं फार शिकवावं लागत नाही.

सुरक्षारक्षकाचं काम याहून अवघड. संध्याकाळी एक आजी पर्स घेऊन दाराशी येतात. "मुलं शाळेतून आली असतील, मला घरी जायला हवं." मुलं आता पन्नाशीची आहेत. रक्षकाला शिकवलेलं असतं की रुग्णाला बाहेर सोडायचं नाही, म्हणून तो आडवा हात धरतो. आजींना वाटतं, मला कोंडलंय. झटापट होते. खरं तर आजी त्याला एक भावना सांगतायत: कुणी तरी माझी वाट बघतंय, आणि मी तिथे नाही. "मुलं मोठी झाली आजी" असं सांगून ती भावना जात नाही. "मुलांची काळजी वाटतेय ना? नावं काय त्यांची?" असं विचारत दोन पावलं बरोबर चाललं, की बहुतेक वेळा त्या स्वतःच वळतात. कधी दाराशी येण्यामागचं कारण त्याहून साधं असतं. त्यांना लघवीला जायचं असतं आणि संडास सापडत नसतो. ज्या रक्षकाला हे ठाऊक आहे तो आधी ते विचारतो.

आणि त्याच दारावर दुसरी बाजूही उभी असते, आजींची मुलगी. ब्रिटनमध्ये २०१४ साली 'जॉन्स कॅम्पेन' नावाची मोहीम सुरू झाली. डिमेन्शिया असलेले डॉ. जॉन जेरार्ड पाच आठवडे रुग्णालयात होते, भेटींवर निर्बंध होते, आणि घरी आले तेव्हा त्यांची चालण्या-बोलण्याची शक्ती जवळजवळ गेलेली होती. त्यांची मुलगी निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण जूलिया जोन्स यांनी मागणी केली की अशा रुग्णाच्या माणसाला भेटीच्या वेळेचं बंधन नको, त्याला जवळ राहू द्या. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांनी ती मान्य केली. पण असा नियम व्यवस्थापनाच्या फाइलीत असून भागत नाही. "वेळ संपली, खाली थांबा" हे वाक्य म्हणणारा माणूस गेटवर असतो. नियम बदलल्याचं पहिल्यांदा त्याला सांगायला हवं.

जेवणाविषयी थोडं. भरलेलं ताट तसंच परत जातं आणि आपण म्हणतो, आजोबांना भूक नाही. कधी झाकण कसं काढायचं हेच कळलेलं नसतं. कधी कवळी घातलेली नसते. कधी पांढऱ्या ताटात पांढरा पदार्थ दिसतच नाही. २००४ साली बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आजार बराच पुढे गेलेल्या अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णांना गडद लाल ताटं आणि पेले दिले, तर खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. रुग्ण नऊच होते, तेव्हा हा काही शेवटचा शब्द नाही. पण ताट ठेवणाऱ्यानं झाकण काढावं, चमचा हातात द्यावा, आणि ताट उचलणाऱ्यानं ते भरलेलं असेल तर न बोलता गाडीत टाकू नये, हे कळायला संशोधन लागतच नाही. "बारा नंबरनं सकाळपासून काही खाल्लं नाही" हे सिस्टरला सांगणारा तोच एकटा असतो.

सफाईचंही तसंच. खूप चकचकीत फरशी अशा रुग्णाला पाण्यासारखी दिसते, आणि दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं. पाऊल पुढे पडत नाही. पुसताना टेबल लांब सरकवलं आणि तिथेच राहिलं, तर त्यावरचं पाणीही गेलं आणि चष्माही. कवळ्या आणि कानातली यंत्रं चादरीत गुंडाळून धुण्याला जातात, ताटातून कचऱ्यात जातात. ज्याचं कानाचं यंत्र हरवलं तो त्या क्षणापासून जास्त 'गोंधळलेला' रुग्ण होतो. चादर गोळा करण्याआधी झटकणं हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं मानते.

आता ज्यासाठी मी इतकं बोलते आहे ते. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, महिन्यामहिन्यांनी. पण रुग्णालयात या माणसांना आणखी एक गोष्ट फार सहज होते, तिला डिलिरियम म्हणतात. एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत मेंदू गोंधळून जातो. त्यामागे संसर्ग असतो, पाणी कमी पडलेलं असतं, लघवी तुंबलेली असते, पोट साफ झालेलं नसतं, वेदना असते, नाहीतर एखादं औषध. कारण सापडलं तर बरं करता येतं, राहून गेलं तर जीवावर बेततं. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प करणारा दिसत नाही. रुग्ण नुसता पडून राहतो, आणि आम्ही म्हणतो, आज शांत आहेत, बरं झालं. डॉक्टर पाळीनं बदलतात, सिस्टर बदलते. पण रोज सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणतात, "काल माझ्याशी गप्पा मारत होते, आज डोळाही उघडत नाहीत." हे निदान नाही. पण कालची तुलना करणारं वॉर्डात त्या क्षणी दुसरं कुणी नाही. त्यांचं वाक्य केसपेपरपर्यंत पोहोचायची वाट हवी. बहुतेक ठिकाणी ती नाही. उलट "तुम्ही तुमचं काम करा" असं ऐकून त्या एकदा गप्प झाल्या, की परत बोलत नाहीत.

वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसांच्या हातून काय होऊ शकतं याचा पुरावा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनोये यांनी १९९९ साली ७० वर्षं आणि त्यापुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाकडे नेहमीच्या काळजीबरोबर प्रशिक्षित स्वयंसेवक जायचे. आज वार कुठला ते सांगायचे, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्यायचे, चालायला मदत करायचे, पाणी प्यायला लावायचे, रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम पेय, संथ संगीत, पाठ चोळणं. नेहमीच्या काळजीत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या गटात ९.९ टक्क्यांना. मात्र एकदा तो झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी कमी झाली नाही. म्हणजे जे करायचं ते पहिल्या दिवसापासून.

आता रुग्णालय चालवणाऱ्यांना एक विनंती. भिंतीवर पोस्टर लावून हे होत नाही. प्रशिक्षण कामाच्या वेळेत द्या, त्या वेळेचा पगार द्या, तिन्ही पाळ्यांना द्या. कंत्राटी माणसं सहा महिन्यांत बदलतात हे धरून ते पुन्हा पुन्हा द्या. फार लांबलचक लागत नाही. जपाननं २००५ सालापासून सामान्य नागरिकांसाठी, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळकरी मुलं अशा सगळ्यांसाठी, सुमारे दीड तासाचा वर्ग चालवला, आणि ज्यांनी तो केला त्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. डिमेन्शियाची खूण म्हणून खाटेवर फुलपाखराचं किंवा फुलाचं चिन्ह लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. चांगली आहे, पण घरच्यांना विचारून लावा, आणि त्या चिन्हाचा अर्थ मामांना ठाऊक नसेल तर लावू नका. त्यापेक्षा खाटेपाशी एक साधा कागद ठेवा: यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, काम काय करायचे, कशाची भीती वाटते, कशानं शांत होतात. मोठ्या अक्षरात, चार ओळी.

घरच्यांनो, तो कागद कुणी मागितला नाही तरी तुम्ही लिहून न्या. आणि डॉक्टरांना जे सांगता ते वॉर्डातल्या मावशींनाही सांगा. नाव विचारून सांगा.

आमच्या प्रशिक्षणाचा शेवटचा अर्धा तास मी बोलत नाही, समोरची माणसं बोलतात. मागच्या वेळी एक लिफ्टमन उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, ते म्हातारे पेशंट माझ्या लिफ्टमध्ये यायला घाबरतात. सगळे म्हणतात लिफ्टची भीती. पण ते लिफ्टला घाबरत नाहीत. समोर आरसा आहे. त्यांना वाटतं आत आधीच कोणी तरी उभं आहे, आणि तो माणूस त्यांच्याकडे रोखून बघतोय."

आठ वर्षं ते हे बघत होते. आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो आरसा झाकला.

नमस्कार.