मे महिन्यातली बादली

(दृश्य: रखरखीत माळ. लांबून बादली वाजल्याचा आवाज.)

झाडं लावायचा व्हिडिओ म्हणलं की सगळे जुलैत काढतात. ढग, छत्र्या, चिखलात रुतलेले बूट, पाहुण्यांच्या हातात रोप आणि रोपाकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघून हसणारी दहा माणसं. आम्ही हा मे महिन्यात काढलाय, मुद्दाम. त्याची शिक्षा पण लगेच मिळाली, पहिल्याच दिवशी दुपारी बाराला फोन इतका तापला की स्क्रीनवर वॉर्निंग येऊन कॅमेराच बंद पडला, मग तो ओल्या टॉवेलात गुंडाळून लिंबाखाली ठेवला आणि आम्ही पण तिथंच बसलो. टॉवेल सोलापुरीच होता, हे वेगळं सांगायला नको.

अक्कलकोट रोडला सोलापूर शहर संपलं की थोडं आत हे गाव आहे, इथं एक संस्था गावासोबत झाडं लावून जगवायचं काम करते. नाव सांगत नाही, सरपंचांनीच सांगितलंय टाकू नका म्हणून. लोक बघायला येतील आणि तेवढ्यात झाडं गेली तर आमचीच शोभा, असं त्यांचं म्हणणं. मला तर हे लई प्रामाणिक वाटलं.

(दृश्य: एका हातात बादली, दुसऱ्या हातात तांब्या. फक्त हात आणि रोप.)

या मावशी इथल्या बचत गटातल्या. सकाळी सहाला पाणी घालायला सुरुवात करतात आणि नऊच्या आत उरकायचं बघतात. बादली ओतायची नाही, तांब्यानं घालायचं, मुळाशी, सावकाश, नाहीतर मुरमावरनं पाणी वाहून जातं आणि रोप कोरडंच राहतं. तिसऱ्या-चौथ्या रोपापाशी एक नुसती काडी उभी होती, पान नाही काही नाही. मी म्हणलं मावशी, हे तर गेलं की. त्या काही बोलल्या नाहीत, खाली वाकल्या, अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवं. "हाय की जीव," म्हणल्या आणि तांब्या ओतला. त्या दिवशी मी अशा बऱ्याच काड्या खरवडून बघितल्या. सगळ्याच हिरव्या नव्हत्या.

आता हे झाडांचं आमच्याकडं एवढं अवघड का आहे ते सांगतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. म्हणून तर हा रब्बीचा जिल्हा, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्या परतीच्या पावसाच्या ओलीवरच येते. पण झाडं लावायचं कॅलेंडर दुसरीकडनं आलेलं. वनमहोत्सव जुलैचा पहिला आठवडा, क. मा. मुन्शींनी १९५० ला सुरू केला तेव्हापासून तसंच चालू आहे. राज्य सरकारची मोठी मोहीम पण २०१६ ला १ जुलैलाच चालू झाली, त्या वर्षी टार्गेट २ कोटीचं, मग ४ कोटी, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी. कोकणात जुलैत काठी रोवली तरी फुटत असेल, आमच्याकडं जूनमध्ये दोन सरी येतात, लोक खुश होतात, रोप लावतात आणि मग जुलैत अशी उघडीप पडते की पंधरा-पंधरा दिवस थेंब नाही. रोप मरतं ते मे मध्येच असं नाही, काही बिचारी फोटो छापून यायच्या आधीच जातात.

मी स्वतः कॉलेजला असताना एनएसएसच्या शिबिरात खड्ड्यात रोपं टाकलीत, काळ्या पिशवीसकट. कुणी सांगितलंच नाही की पिशवी फाडायची असते, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुदमरतात. भाषण मात्र पाऊण तास झालं होतं.

(दृश्य: खड्डा. फूटपट्टी. मुरूम.)

इथला खड्डा दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल, आणि तो पावसाच्या आधी, एप्रिल-मे मध्येच खणून ठेवायचा, ऊन खाऊ द्यायचं. मुरमाड जागा असली तर आणखी मोठा, कारण खालचा मुरूम पहारीला दाद देत नाही तर कोवळ्या मुळाला काय देणार. भरताना बाहेरची चांगली माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. काळ्या रानात उलटाच प्रॉब्लेम, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि ती भेग मुळाजवळ पडली की मूळ उघडं. त्यावर उपाय म्हणजे पाचट. ऊस आमच्या जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर बक्कळ झालाय, त्याचं पाचट लोक पेटवून देतात, इथं ते मागून आणून आळ्यात जाड अंथरतात.

आणि हे मडकं बघा. बुडाला बारीक भोक, त्यात सुताची वात. मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण. वातीतनं पाणी दिवसभर झिरपत राहतं. सूत कुठलं, तर शहरातल्या यंत्रमाग कारखान्यातलं वाया गेलेलं, पोत्यानं मिळतं. मला या सगळ्या प्रोजेक्टमधली ही एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

आता यात कोण कोण आहे. संस्था शहरातली, दोन-तीन पगारी पोरं, बाकी सगळे रविवारवाले. रोपं सामाजिक वनीकरणच्या नर्सरीतली. खड्डे रोजगार हमीतनं. जागा ग्रामपंचायतीची. शाळेतल्या प्रत्येक पोराला एकेक झाड वाटून दिलेलं, नावाची पाटी सुद्धा. ट्री गार्ड आणि टँकरचा खर्च एका कंपनीच्या सीएसआरमधनं, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायला लावलेत ना, त्यातले. कागदावर बघितलं तर एकदम मस्त जमलेलं.

पण गंमत अशी की कंपनीचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो, नवीन मंजुरी यायला जून उजाडतो. शाळा मे मध्ये बंद, पोरं मामाच्या गावाला. रविवारवाले ४३ डिग्रीत येत नाहीत, मी पण आलो नसतो, खोटं कशाला बोलू. म्हणजे ज्या दोन महिन्यांत झाडाला माणूस लागतो नेमके त्याच दोन महिन्यांत सगळे पार्टनर सुट्टीवर. पहिल्या वर्षी इथं हेच झालं, पाट्या उभ्या आणि पाटीखाली काही नाही. एका पोरानं जूनमध्ये येऊन स्वतःच्या नावाची पाटी काढून नेली म्हणे.

त्यानंतर संस्थेनं पैसा फिरवला. आमच्याकडं रस्त्याकडेच्या झाडांना बिहार पॅटर्न म्हणून एक पद्धत चालते, २०० झाडांमागं काही मजूर कुटुंबं, तीन वर्षं सांभाळायचं आणि झाडं किती जगली त्यावर मजुरी. तीच कल्पना इथं घेतली. लावायच्या कार्यक्रमाचा मांडव, बॅनर, नाश्ता सगळं कापलं आणि ते पैसे बचत गटाला, जगलेल्या झाडामागं. कार्यक्रम बारीक झाला म्हणून काही लोक नाराज आहेत अजून. असू द्या.

(दृश्य: पारावरची बैठक. मेंढरांचा आवाज.)

दुसरं भांडण मेंढरांचं. हे मामा, वय सत्तरीच्या पुढं, ७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडलेला माणूस, बैठकीत सगळ्यात मागं बसलेले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणले, "तुमी झाडं लावा की, नाही कोण म्हणतंय. पर मेंढरानं काय तुमचा बोर्ड खायचा का?" सगळे हसले आणि मग गप्प बसले, कारण मुद्दा खरा होता, गायरान म्हणजे त्यांच्या जनावरांचं ताटच.

मग यादीच बदलली. आधी गुलमोहर होता, तो झटपट वाढतो आणि फोटोत छान दिसतो, पण मूळचा मादागास्करचा, मेंढराला त्याचा काय उपयोग. त्याच्याऐवजी बाभूळ आणि हिवर आले, ज्यांच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीनं खातात. रस्त्याच्या कडेला चिंच, कारण चिंचेला बार्शीच्या बाजारात पैसा आहे आणि पुढं लिलाव केला तर ग्रामपंचायतीला चार पैसे. मधली चराईची पट्टी मोकळी सोडली. हिवराची रोपं नर्सरीत मिळेनात, तर मामांनीच मेंढवाड्यातल्या लेंड्यांमधनं बिया वेचून आणून दिल्या, मेंढराच्या पोटातनं आलेलं बी लवकर उगवतं म्हणले. उगवलं पण.

एक सांगायचं राहिलं. सगळीकडंच झाडं लावायची नसतात. इथनं उत्तरेला नान्नजचा माळ, १९७९ पासून माळढोक अभयारण्य. तो माळ रिकामा दिसतो पण तसा नाहीये, काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी, सगळे त्या गवतावरच जगतात. माळढोक तर आता महाराष्ट्रात दिसला तरी बातमी होते. तिथं कुणी उत्साहात गिरीपुष्पासारख्या झाडांच्या रांगा लावल्या तर ते त्यांचं घर मोडल्यासारखंच आहे. संस्थेकडं एकदा तिकडची ऑफर आली होती, नाही म्हणले, पैसे गेले.

(दृश्य: संध्याकाळ. टँकर.)

शेवटच्या दिवशी टँकर सकाळी सहाला यायचा तो संध्याकाळी साडेपाचला आला. आमच्या शहरातच नळाला रोज पाणी येत नाही, उजनीतनं १०० किलोमीटरच्या वर पाइप टाकूनही काही दिवसांआड येतं, तर गावाचं काय बोलायचं. टँकर दिसल्याबरोबर घराघरातनं घागरी बाहेर आल्या, हंडे, कॅन, एक पोरगी तर कुकर घेऊन आली. टँकर झाडांचा, पैसा झाडांचा. मी मावशींकडं बघितलं. त्या बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. "भरू द्या," म्हणल्या, "आधी माणसं."

घागरी भरून झाल्या तेव्हा टँकरच्या तळाला थोडं राहिलं होतं. अंधार पडत आला होता. मावशी उठल्या, बादली सरळ केली. इथं आमची बॅटरी संपली, म्हणून यापुढं दृश्य नाही, फक्त आवाज आहे.

(पडदा काळा. बादलीत पाणी पडतंय. मग तांब्या.)