‘काढता येते’ म्हणून डोळ्यात लेन्स बसवू नका

नमस्कार मंडळी. ‘डॉक्टर, साखरपुड्याच्या आत चष्मा घालवून द्या,’ अशी घाई करणारे आईवडील मला नवीन नाहीत. पूर्वी ते लेसिक, म्हणजे लेसरने नंबर घालवणं, मागायचे, आता थेट डोळ्यात बसवायची लेन्स मागतात. आयसीएल. आणि वर ऐकवतात, ‘नाही जमली तर काढता येते ना!’

येते की. पण आधी ती बसते कुठे ते पाहू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आपली लेन्स काढून कृत्रिम घालतात. इथे आपली लेन्स जागेवरच राहते. तिच्या पुढे आणि डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागे ही मऊ लेन्स तीनेक मिलिमीटरच्या छेदातून घडी करून सरकवतात.

ती कोणाला लागते? समजा नंबर उणे नऊ आहे. लेसर एका नंबरामागे कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची, साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडी खातो, म्हणजे १०८ गेले. लेसरआधी वरून जी पातळ चकती उचलतात, त्या फ्लॅपचे ११० धरा. कॉर्निया मुळात ५४०चा असेल तर खाली ३२२ उरतात, चालून जातं. तोच ४८०चा निघाला तर उरतात २६२, म्हणजे फारच पातळ. तिथे मी लेसरचं नाव काढत नाही, आयसीएलचा विचार करतो.

विचारच, कारण खरी परीक्षा पुढे आहे. वय साधारण २१ ते ४५, वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त हललेला नको, गरोदरपण किंवा अंगावरचं दूध चालू नको, काचबिंदू नको. कॉर्नियाच्या आतल्या पेशी मोजायच्या. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली निदान ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. प्लस नंबरवाल्यांची बरेचदा इथेच दांडी उडते, त्यांचा कप्पा उथळ असतो.

आता कळीची गोष्ट. बसवलेली लेन्स आणि आपली लेन्स यांच्यामध्ये जी फट राहते तिला व्हॉल्ट म्हणतात. ती साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर हवी. फारच कमी पडली तर मोतीबिंदूची भीती. फार जास्त झाली तर रंगीत पडदा पुढे ढकलला जातो, डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायचा कोन आवळतो आणि डोळ्याचं प्रेशर चढू शकतं. नव्या लेन्सच्या मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, त्यातून पाणी खेळतं. पूर्वी त्यासाठी लेसरने पडद्यालाच भोकं पाडावी लागत. तरीही माप चुकलं तर लेन्स बदलावी लागते. म्हणून मापं एकाच यंत्रावर उरकणाऱ्याकडे मी माझ्या पुतण्याला पाठवणार नाही.

तर, ‘काढता येते’. काढणं म्हणजे डोळ्याचं दुसरं ऑपरेशन. लेन्स निघते, पण कॉर्नियाच्या कमी झालेल्या पेशी परत येत नाहीत आणि सुरू झालेला मोतीबिंदू मागे फिरत नाही. दुकानातून आणलेली साडी परत करण्यासारखं हे नाही.

रात्री कसारा घाटातून गाडी नेणाऱ्यांनो, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतील. बहुतेकांना हळूहळू सवय होते, पण सगळ्यांना नाही. पोटासाठी रात्रीच गाडी चालवत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी जाहिरातीतले वैद्यकीय नियम आधी वाचावेत, ऑपरेशनची तारीख नंतर घ्यावी.

आणि चष्मा गेला म्हणजे मोठा नंबर असलेला डोळा बदलला असं नाही. तो आतून लांबटच राहतो, त्याचा रेटिना, म्हणजे प्रकाश टिपणारा मागचा पडदा, पातळच राहतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी करायची, प्रेशर आणि पेशी मोजून घ्यायच्या. अचानक काळे ठिपके किंवा चमका दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

एक चिठ्ठी आली आहे: ‘वय ४३, करू का?’ चाळिशीचा वाचायचा चष्मा या लेन्सने टळत नाही. लांबचा नंबर गेला की उणे नंबरवाल्यांना तो उलट जास्त जाणवतो, कारण आतापर्यंत ते चष्मा काढून पेपर वाचत होते. पुढे मोतीबिंदू झाला तर ही लेन्स काढून त्याच ऑपरेशनात नवी घालता येते. त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेल्याला मी आधी आतल्या लेन्सचा गढूळपणा तपासायला सांगतो. तो सुरू झाला असेल, तर आयसीएलवर पैसे घालू नका.