रिफर्बिश्ड लॅपटॉप आणि परतीचे दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

आंब्याचा हंगाम आटोपला, बारावीचा निकाल लागला, की आपल्याकडे कोकणात घरोघरी एक विषय हमखास निघतो : कॉलेजसाठी लॅपटॉप. नवा घ्यायचा तर हंगामाच्या पैशाला मोठीच कात्री लागते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि ‘रिफर्बिश्ड’ लॅपटॉप, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, दिसतो, नव्याच्या निम्म्या किमतीत, कधी त्याहूनही स्वस्त. घ्यावा का? माझं मत विचाराल तर जरूर घ्यावा. फक्त किमतीच्या आधी एक गोष्ट बघा : पटला नाही तर किती दिवसांत परत घेतील, आणि तो न्यायला माणूस आपल्या पिनकोडवर येईल का?

पुण्या-मुंबईचा माणूस तक्रार घेऊन दुकानात जाऊन उभा राहतो. राजापूरच्या किंवा वेंगुर्ल्याच्या माणसाने दिल्लीहून मागवलेला लॅपटॉप बिघडला तर त्याने कुठे जायचं? आपल्याकडे काही गावांत पार्सल घरपोच येतच नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं. म्हणून दोन हजार रुपये जास्त पडले तरी चालतील, पण परतीची मुदत, वॉरंटी आणि पक्कं जीएसटी बिल देणाराच विक्रेता निवडा.

हे लॅपटॉप येतात कुठून? मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून सगळे लॅपटॉप एकदम बदलतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. ऑफिससाठी बनवलेली ही मशीन मजबूत असतात, उघडून दुरुस्त करता येतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. याच पैशात मिळणाऱ्या अगदी स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपपेक्षा मला ती केव्हाही बरी वाटतात. जाहिरातीतल्या ‘ग्रेड ए’वर मात्र भुलू नका. ती श्रेणी विक्रेत्याने स्वतःच दिलेली असते, आणि बहुतेक वेळा ती वरच्या ओरखड्यांपुरती असते.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. त्यावर नुसतं ‘आय फाइव्ह’ हे इंटेल कंपनीचं नाव लिहिलंय म्हणून घेऊ नका, पुढचा आकडा वाचा. आय फाइव्ह 6300यू म्हणजे सहावी पिढी, 8350यू म्हणजे आठवी. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मोफत मिळणारे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. काही विक्रेते सहाव्या-सातव्या पिढीवर आडमार्गाने विंडोज 11 घालून देतात. चालतं ते, पण पुढच्या अपडेटची खात्री नसते. रॅम, म्हणजे काम करतानाची तात्पुरती मेमरी, आठ जीबी तरी हवी, आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवायचा वेगवान भाग, हवीच. कीबोर्डचा फोटोही नीट बघा. बाहेरच्या देशातून आलेल्या मालात जर्मन कीबोर्ड निघतात, त्यात वाय आणि झेड यांची अदलाबदल असते.

आता पार्सल आलं. खोकं फोडण्यापासून मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून बघा. मग चालू करतानाच ठरलेलं बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरा. डेलला एफ टू, एचपीला एफ टेन, थिंकपॅडला एफ वन. तिथेही तोच नंबर दिसायला हवा. आत शिरताना पासवर्ड मागितला तर लॅपटॉप परत पाठवा. विंडोज नव्याने सुरू करताना इंटरनेट जोडा. पडद्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथला ईमेल मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. तेही परत.

बॅटरीची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. सर्चमध्ये सी एम डी लिहून काळी खिडकी उघडा. त्यात पॉवरसीएफजी हा शब्द सलग लिहा, इंग्रजी अक्षरं सांगतो : पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी. मग एक जागा सोडा, तिरकी रेघ, म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, द्या, त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा शब्द इंग्रजीत सलग लिहा आणि एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे तिथेच दिसतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आकडे शोधा. पहिला 50,000 आणि दुसरा 30,000 असेल तर बॅटरीत नव्याच्या साठ टक्केच दम उरलाय. विक्रेत्याने ऐंशी टक्के कबूल केले असतील तर याच पानाचा फोटो त्याला पाठवा. आकड्यांवरही थांबू नका, चार्जर काढून तासभर व्हिडिओ लावून ठेवा. त्याच तासात कॅमेरा, माइक, वाय-फाय, प्रत्येक बटण आणि प्रत्येक यूएसबी तपासून होते. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत उरका. भात लावणी आटपू दे, मग बघू, असं म्हणालात तर परतीची मुदत निघून जाईल.

आपल्या घरांविषयी थोडं. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर बहुतेक दोष घराच्या अर्थिंगचा असतो. बऱ्याच जुन्या घरांत ते धड नसतं. वायरमनला दाखवा, आणि तीन पिनांच्या चार्जरची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या जागी बसवू नका. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत पोर्ट, म्हणजे वायर जोडायच्या खाचा, गंजतात. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा, आतल्या उबेने ओल धरत नाही.

एवढं करूनही कोणी फसवलंच, तर दिल्ली-बंगळुरूला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्याच ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याची फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बिल, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि बॅटरीच्या त्या पानाचा फोटो जवळ ठेवूनच बोला.

नमस्कार.