बर्फाखाली गोगलगाय, बर्फावर स्प्रूस

[दृश्य: आल्प्समधली चुनखडीची उतरण, ऑक्टोबर]

रानाच्या कडेला उभा आहे नॉर्वे स्प्रूस, आपल्या हिमालयातल्या देवदाराच्याच कुळातला. खाली गवतात रोमन गोगलगाय, चार-पाच सेंटिमीटरचा शंख घेऊन. हिवाळ्यात दोघांनाही धास्ती एकाच गोष्टीची: पेशीतलं पाणी गोठलं, की पेशी मेलीच.

गोगलगाय आधी खाणं सोडते. आतडं रिकामं हवंच, कारण पोटातल्या अन्नकणांभोवती बर्फ लवकर धरतो. मग मऊ मातीत पायाने खड्डा करून ती आत शिरते आणि शंखाचं तोंड वर ठेवते.

[अगदी जवळून]

आता शंखाच्या तोंडाशी पाहा. चुन्याने दाट झालेला पांढरा चिकट द्रव पाझरतोय, तोंडभर पसरतोय. काही तासांत त्याचं टणक झाकण होतं. त्याच्या आत ती आणखी मागे सरकते आणि पातळ पडदे ओढते. मधे हवा कोंडलेली राहते. मराठवाड्यात सोयाबीन फस्त करणारी आफ्रिकन गोगलगायही कोरडे महिने तोंड बंद करूनच काढते, पण एवढं जाड झाकण तिला लागत नाही.

झाकणाला आणि शंखाला चुना हवा. दाट स्प्रूसखाली सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, सावकाश कुजतात, माती आंबट होते, चुना धुपतो. म्हणून ही गोगलगाय रानाच्या कडेलाच शोधावी.

[दृश्य: बर्फातली फांदी]

स्प्रूसला लपायला जागा नाही. दिवस लहान झाले की त्याची वाढ थांबते, पेशींत साखर साठते. पाणी पेशींबाहेर येऊन तिथेच गोठतं. आतला रस दाट होतो, गोठत नाही. अशी तयार झालेली सुई उणे ४० अंशही सोसते. जुलैत तीच सुई शून्याखालच्या थोड्याशा थंडीने मरते.

खरा घात होतो हिवाळ्याच्या शेवटी. उन्हाने सुया तापतात, पाणी उडतं, पण जमीन गोठलेली. मुळांना पाणी ओढता येत नाही. बर्फावरच्या फांद्या तपकिरी पडतात, बर्फाखालच्या हिरव्या राहतात. तोच बर्फ मातीतल्या गोगलगायीचं पांघरूण असतो. मात्र तो उशिरापर्यंत साचून राहिला, तर खालच्या फांद्यांवर काळी बुरशी सुया एकमेकींना चिकटवून टाकते.

वसंतात गोगलगाय पायाने झाकण ढकलते आणि ओल्या रात्री पाणी भरून घेते. स्प्रूसचे कोवळे कोंबही पाण्याने भरलेले असतात. अशात उशिराचा गारठा आला, तर ते लोंबकळून काळे पडतात. झाड मागच्या कळ्यांतून पुन्हा फुटतं.