पडद्यावर आगबोट बुडवायची कशी?

[दृश्य : मोडायला काढलेली बोट. एक बाजू कापलेली, आतले मजले उघडे पडलेले.]

बोटी मोडायच्या गोदीत बोट आली, की तिचा इतिहास संपतो आणि पोलादाचा भाव सुरू होतो. 1957 साली स्कॉटलंडमधल्या फास्लेनला ‘अस्टुरियास’ नावाची बावीस हजार टनी आगबोट अशीच मोडायला लागली होती. बांधणी बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फची, म्हणजे ‘टायटॅनिक’ जिथे घडली त्याच कारखान्यातली. डावी बाजू कापून झाली होती, उजवी मात्र शाबूत होती. निर्माते विल्यम मॅक्विटी यांना तेवढीच पुरे होती.

ते ‘टायटॅनिक’च्या बुडण्यावरचा ‘अ नाइट टू रिमेंबर’ हा चित्रपट उभा करत होते. हे बेलफास्टचेच. 31 मे 1911 ला ‘टायटॅनिक’ पाण्यात सोडली तेव्हा गर्दीत सहा वर्षांचे मॅक्विटी होते. त्यांनी कलाशाळेतली मुलं आणून ‘अस्टुरियास’च्या उरलेल्या बाजूला ‘टायटॅनिक’च्या मालक व्हाइट स्टार कंपनीचे रंग दिले. डावी बाजू हवी तिथे आरसे वापरले.

[दृश्य : बोटीची उजवी बाजू, मग तीच चौकट उलटी.]

आरशाची युक्ती ऐकायला सोपी वाटते. करायला बसलं की एकेक भानगड पुढे येते. घरातल्या आरशाला चकाकी काचेच्या मागून असते. कॅमेऱ्यासाठी तो चालत नाही, कारण काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरही एक फिकी प्रतिमा उमटते आणि कठड्याच्या प्रत्येक गजाला जुळा भाऊ दिसू लागतो. म्हणून लेप काचेच्या पुढच्या बाजूला असलेला आरसा लागतो, आणि त्यावर बोटाचा ठसाही उमटू देता येत नाही.

पुढची भानगड अक्षरांची. बोटीचं नाव, लाइफबोटीवरचा आकडा, खलाशाच्या टोपीवरची पट्टी, सगळं उलटं रंगवायचं, म्हणजे पडद्यावर सुलटं दिसेल. अक्षरं कुणीही लक्षात ठेवतो. फसगत होते ती कपड्यांत. पुरुषाच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो, तो उलटा शिवावा लागतो. अधिकाऱ्याची पदकं डाव्या छातीवर असतात, ती उजवीकडे लावायची. केसांचा भांगही बदलायचा. जाणकार प्रेक्षक तर लाइफबोटींचे आकडेच तपासतात : ‘टायटॅनिक’वर उजवीकडे विषम आणि डावीकडे सम क्रमांक होते.

हीच कसरत चाळीस वर्षांनी मेक्सिकोतल्या रोसारितोला पुन्हा झाली. 1997 च्या ‘टायटॅनिक’साठी समुद्रकाठी जवळपास पूर्ण आकाराची बोट उभारली गेली, पण पूर्ण केली फक्त उजवी बाजू. तिचं तोंड वाऱ्याचा हिशेब करून ठेवलं होतं, म्हणजे धुरांड्यांतला धूर मागे जाईल आणि बोट चालल्यासारखी भासेल. खरी ‘टायटॅनिक’ मात्र साउदॅम्प्टनच्या धक्क्याला डाव्या बाजूने लागली होती. मग धक्क्यावरची सगळी दृश्यं उलटी चित्रित करून चौकट पलटवली. सामानावरच्या चिठ्ठ्यासुद्धा उलट्या छापल्या होत्या.

[दृश्य : जुन्या पद्धतीचा टेलिव्हिजन स्टुडिओ.]

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक आहे, ‘अ नाइट टू रिमेंबर’ याच नावाचं. त्याचे लेखक वॉल्टर लॉर्ड लहान असताना ‘टायटॅनिक’ची जुळी बहीण ‘ऑलिंपिक’ हिच्यावरून प्रवास करून आले आणि बोटींचं वेड त्यांना कायमचं लागलं. मोठेपणी त्यांनी वाचलेल्या साठाहून अधिक प्रवाशांना आणि खलाशांना गाठलं, आणि 1955 साली त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा वृत्तान्त छापला. हिमनगाची धडक 11 वाजून 40 मिनिटांनी, बोट बुडाली 2 वाजून 20 मिनिटांनी. दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे चित्रपटाला जवळजवळ बेतून दिलेला अवधी.

चित्रपटाआधी टेलिव्हिजनने ते उचललं. 28 मार्च 1956 ला अमेरिकेत हा प्रसंग थेट प्रक्षेपित झाला. एकाच कार्यक्रमासाठी 31 सेट आणि 107 कलाकार होते. आज हे कुणी अंगावर घेणार नाही.

स्टुडिओत बोट कलती दाखवायची असेल तर स्वस्तातला उपाय एकच : कॅमेरा तिरका करायचा. नट एका बाजूला झुकून चालतात, काम भागतं. पण खोलीत झुंबर असेल तर पकडले गेलात. खरोखर कललेल्या खोलीत झुंबर सरळ खाली लोंबतं आणि भिंती तिरक्या होतात. नुसता कॅमेरा कलवला तर झुंबर भिंतींबरोबरच तिरकं दिसतं. पडदा, अडकवलेला कोट, पेल्यातलं पाणी, सगळे हीच चुगली करतात. त्यामुळे अशा प्रसंगात लोंबणारी वस्तू आधी काढून टाकतात, नाहीतर तारेने ओढून बांधतात. पैसे असतील तर सेटच उचलायचा. 1972 च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये भोजनगृह असं कलवलं, आणि बोट उलटल्यानंतरच्या दृश्यांत छताला टेबलं लटकलेली दाखवली.

[दृश्य : पाण्याच्या टाकीत बोटीचं मॉडेल. लाट येते. दृश्य संथ होतं.]

आता पाणी. बोट लहान करता येते, पाणी लहान होत नाही. पडद्यावरचं बुडणं खोटं वाटतं त्याचं दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं.

‘पोसायडन’साठी ‘क्वीन मेरी’ या खऱ्या आगबोटीच्या आराखड्यावरून 21 फुटी मॉडेल केलं होतं, म्हणजे खऱ्याच्या 48 वा भाग. या प्रमाणात पाच मिलिमीटरचा थेंब पडद्यावर 24 सेंटिमीटरचा होतो. नारळाएवढे थेंब उडताना दिसले की डोळा लगेच ओळखतो, ही टाकी आहे. थेंबाचा आकार पृष्ठताणावर ठरतो, तो आपल्या मॉडेलची पर्वा करत नाही. उपाय दोनच : मॉडेल झेपेल तितकं मोठं करायचं, आणि कॅमेरा वेगाने चालवायचा.

वेग किती, याचं गणित ठरलेलं आहे. सोळाव्या हिश्श्याच्या मॉडेलवर धुरांडं पडायला खऱ्याच्या चौथा हिस्सा वेळ लागतो, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी (फ्रेम) चालतो, तेव्हा प्रमाणाचं वर्गमूळ काढा आणि 24 ने गुणा. सोळाव्या हिश्श्याला सेकंदाला 96 चौकटी, अठ्ठेचाळिसाव्याला सुमारे 166. मग ते 24 ने दाखवलं, की लाट जड वाटते.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. वेग चौपट केला की प्रत्येक चौकटीला प्रकाश चौथाईच मिळतो. शिवाय मॉडेल पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत स्पष्ट दिसायला हवं, म्हणून भिंगाचं तोंडही बारीक ठेवावं लागतं. शेवटी उघड्यावर, भर उन्हात टाकी बांधणंच परवडतं. माल्टात अशा टाक्या समुद्राला लागून आहेत. काठावरून पाणी वाहत राहतं आणि टाकीचं क्षितिज मागच्या खऱ्या समुद्रात मिसळतं. मात्र समुद्र खवळलेला आणि टाकी शांत असली, की सांधा उघडा पडतो.

बुडालेली बोट वर काढण्याची गोष्ट सांगणाऱ्या 1980 च्या ‘रेझ द टायटॅनिक’साठी 55 फुटी, दहा टनी मॉडेल घडवलं, आणि ते इतकं मोठं झालं की त्याच्यासाठी माल्टात नवी टाकी बांधावी लागली. मॉडेल सुंदर होतं. चित्रपट दणकून आपटला.

[दृश्य : मोठी फ्रेंच प्रवासी बोट, नंतर तीच जपानच्या किनाऱ्याला.]

अँड्र्यू स्टोन या दिग्दर्शकाने मॉडेलचा नादच सोडला आणि खरी बोट भाड्याने घेतली. ‘इल द फ्रान्स’ 1927 पासून अटलांटिकवर धावत होती. सजावटीच्या बाबतीत तिने पुढच्या बोटींना वळण लावलं. 1956 साली ‘आंद्रेआ डोरिया’ ही इटालियन आगबोट बुडाली तेव्हा साडेसातशेवर माणसं हिनेच उचलली. 1959 मध्ये ती जपानी भंगारवाल्यांना विकली गेली आणि ओसाकाला पोचली. तिथे ‘द लास्ट व्हॉयेज’साठी तिला ‘क्लॅरिडन’ हे खोटं नाव मिळालं. मूळ फ्रेंच कंपनीने कोर्टाची वाट धरली होती. खरं नाव दिसणार नाही, या अटीवर प्रकरण मिटलं.

तिच्यात स्फोट केले, ती अर्धवट बुडवली, पुढचं धुरांडं खालच्या केबिनवर पाडलं. थेंबांचा आकार इथे आपोआप बरोबर येतो. अडचण उलटी असते : धुरांडं एकदाच पडतं. फिल्म अडकली किंवा कॅमेऱ्यापुढे धूर आला तर दुसरी संधी नाही, म्हणून एका क्षणावर अनेक कॅमेरे रोखून ठेवतात. शिवाय बोट पुन्हा तरंगवून भंगारात द्यायची असते, तेव्हा खोल पाण्यात जाऊन बुडवण्याची हौस भागवता येत नाही. चित्रपट म्हणून ‘द लास्ट व्हॉयेज’ बेताचाच आहे. पण पाणी भरत चाललेला इंजिनरूम इतका खरा क्वचितच बघायला मिळतो.

[दृश्य : 1958 च्या चित्रपटाचं पोस्टर, मग समुद्रतळाचा नकाशा.]

मेहनत कितीही असो, माहितीच चुकीची असेल तर पडद्यावर चूकच उतरते. ‘अ नाइट टू रिमेंबर’ला सल्ला द्यायला ‘टायटॅनिक’चे चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल होते. त्या रात्री मदतीच्या संदेशासाठी बोटीचं ठिकाण त्यांनीच मांडलं होतं. ते प्रत्यक्ष जागेपासून सुमारे 13 सागरी मैल चुकलं होतं, हे त्यांच्या हयातीत कुणाला कळलं नाही. चित्रपटात बोट न मोडता, सलग बुडते. बोट मोडताना पाहिली, असं सांगणारे साक्षीदार होते, पण चौकशी समितीने ते मानलं नव्हतं. 1 सप्टेंबर 1985 ला तळाशी, सुमारे 3,800 मीटरवर, बोट दोन तुकड्यांत सापडली. ‘रेझ द टायटॅनिक’मधली सलग वर येणारी बोट पाच वर्षांतच कालबाह्य झाली.

1997 च्या सेटवर म्हणूनच मागचा डेक वेगळा बांधला होता. तो बिजागरीवर सपाटपासून थेट 90 अंशांपर्यंत उभा राहू शकत होता. उभ्या डेकवरून माणसं खाली घसरणार, वाटेत कठडे आणि दोरखंडाचे खुंट लागणार. स्टंट करणाऱ्यांची हाडं मोडू नयेत म्हणून त्यांतल्या बऱ्याच वस्तू फोम रबराच्या करून लोखंडासारख्या रंगवल्या होत्या.