गाडी किती वाजता आली

(दोन हात. त्यात रुईचा पुंजका. मागे कुठेतरी जिन चालू असल्याचा आवाज.)

हे हात बाबूजींचे. वय 81. त्यांचा चेहरा या फिल्ममध्ये दिसणार नाही. कॅमेरा लावला तेव्हा ते म्हणाले, "माह्यं तोंड कायले काढतं? हात काढ."

या हातांखाली, त्यांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी तेरा हंगाम काम केलं.

नीट पाहा. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरली आणि ओढून मधोमध तोडली. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, पुन्हा ओढले. असं चार-पाच वेळा केलं की आखूड तंतू गळून पडतात आणि लांब तंतू एकाशेजारी एक सरळ बसतात. मग तो पुंजका काळ्या कापडावर ठेवून वर पट्टी लावायची. बाबूजी आधी तंतूच्या लांबीचा आकडा बोलतात, पट्टी नंतर लावतात. "एकोणतीस." आता पट्टी बघा. 29 मिलिमीटर.

(ड्रोन. फाटकाबाहेर ट्रॅक्टर, मेटाडोर, दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या. दोन्ही बाजूंना पांढरी झालेली पऱ्हाटी.)

हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा. काळी जमीन. इंग्रजांच्या काळात इथल्या 'बनी' कापसाला विलायतेत नाव होतं. ती जात शेतांतून केव्हाच गेली, आता सगळीकडे संकरित बीटी आहे. दिवाळी झाली की रस्ते असे भरतात ते फेब्रुवारीपर्यंत.

मी बाबूजींकडे आलो 2003 च्या नोव्हेंबरात. बारावी झाली होती, पुढचं शिक्षण सुटलं होतं. दिवस उलथापालथीचे होते. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार योजना होती. शेतकऱ्याने कापूस पणन महासंघाला विकायचा आणि जिनिंगवाल्याने सरकी वेगळी करून गाठी बांधून द्यायच्या, असा तो कारभार. ती पकड नुकतीच ढिली झाली होती आणि जिनिंगवाले पुन्हा शेतकऱ्याशी थेट सौदा करू लागले होते. भाव कसा मागायचा, काटा कसा ठेवायचा, माणसाशी कसं बोलायचं, ही रीत प्रत्येक आवारात नव्याने पडत होती. मला बाबूजी मिळाले हे माझं नशीब.

मला वाटलं होतं, काट्यावर मुनीम म्हणून बसवतील. त्यांनी एक वही दिली.

(वही. पिवळी पानं, निळी शाई, चार रकाने.)

ही ती वही. नाव. गाव. गाडी आत आली किती वाजता. बाहेर गेली किती वाजता. पूर्ण हंगाम मी एवढंच लिहिलं. हे काम राखणदाराचं आहे असं मला वाटायचं आणि घरी मी सांगितलं नव्हतं की मी काय करतो.

महिन्याने त्यांनी समोर बसवलं. "सगळ्यात जास्त कोण थांबला?" मी नाव सांगितलं. पाच तास वीस मिनिटं. "काऊन?" मला सांगता येईना. "जाय, पाहून ये. काऊन थांबला ते वहीत नसते."

मी पूर्ण जिनिंग शिकलो ते या एका 'काऊन'च्या मागे फिरून.

(कापसाचा ढीग. वर चढलेली माणसं. मग आतली मशीन, ओळीने.)

गाडी खाली झाली नाही, कारण ढिगाला जागा नव्हती. ढीग सरकला नाही, कारण दोन जिन बंद होते. जिन बंद का, ते बघायला मी पहिल्यांदा शेडच्या आत गेलो. याला डबल रोलर जिन म्हणतात. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर समोरासमोर फिरतात. कापसाचे तंतू त्या खरखरीत चामड्याला चिकटून ओढले जातात, सरकी मात्र सुरीपाशी अडते. मधली सुरी वर-खाली हलत तिला ठोकत राहते आणि तंतू सुटला की सरकी जाळीतून खाली पडते. इथे बघा, कसा पाऊस पडतोय. चामड्यावरच्या खाचा बुजल्या की रोलर नुसता फिरतो, तंतू ओढत नाही. त्या दिवशी झालं होतं ते हेच. फिटर खाचा पाडत बसला होता आणि बाहेर पाच तास एक माणूस बंडीच्या सावलीत बसला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं कारण वेगळं निघालं. गाठी बांधणारा प्रेस अडला होता. एक गाठ 170 किलोची. 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस. प्रेस अर्धा तास थांबला तर किती गाड्या थांबतील, हा हिशेब त्यांनी मला तोंडी करायला लावला. आजही प्रेसचा आवाज बंद झाला की माझ्या डोक्यात गाड्या मोजल्या जातात.

(पट्ट्यासमोर बसलेल्या बाया. बोटं रुईतून काहीतरी उचलताना.)

या बाया केस वेचताहेत. लांब केस, पोत्याची सुतळी, प्लास्टिकचा धागा, गुटख्याची पुडी. सूतगिरणीत एक प्लास्टिकचा धागा पुढे गेला तर तो कापडावर उमटतो, कारण त्याला रंग लागत नाही. बाबूजी गावोगाव जाऊन सांगायचे की वेचताना डोक्याला कापड बांधा, कापूस प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्र सरकारने कापसासाठी टेक्नॉलॉजी मिशन सुरू केलं. त्यात जिनिंगच्या सुधारणेला पैसे होते. बाबूजींनी आवारात काँक्रीट टाकलं, पण त्याआधी शेतकऱ्यांसाठी शेड बांधली. पाण्याचा माठ आणि एक लांब बाकडं. ते बाकडं मी मागून आणलंय, आता ते माझ्या फाटकापाशी आहे.

(रात्र. थांबलेल्या ट्रॅक्टरवर शेकोटीचा उजेड.)

मी बारावीला असताना माझ्या वडिलांची बंडी एका व्यापाऱ्याच्या आवारात दोन रात्री उभी होती. वर ताडपत्री नव्हती. कापूस हवेतली ओल ओढतो. भाव 8 टक्के ओल धरून ठरतो, त्यावर प्रत्येक टक्क्याला पैसे कापले जातात आणि 12 च्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे केंद्र सरकारचं कापूस महामंडळ, घेत नाही. दोन रात्रींचं दव आमच्या कापसात उतरलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच दवाचे पैसे कापले गेले. ही गोष्ट मी बाबूजींना चौथ्या हंगामात सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री फाटकात सात गाड्या होत्या. त्यांनी दिवे लावायला लावले आणि सातही गाड्या खाली होईपर्यंत स्वतः काट्याजवळ उभे राहिले.

मला धंदा शिकवणारे पुष्कळ भेटले. गाडीवाल्याच्या बाजूने धंद्याकडे पाहायला बाबूजींनीच शिकवलं. हे त्यांच्या समोर बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून ही फिल्म केली.

2016 ला ते माझ्यासाठी बँकेत जामीन राहिले आणि त्यांच्यापासून सोळा किलोमीटरवर माझं जिनिंग सुरू झालं. आपल्याच काही गाड्या इकडे वळणार हे त्यांना ठाऊक होतं. काही वळल्या. 2017 ला गुलाबी बोंडअळी आली, मुलं बाहेरगावी होती, 2021 ला त्यांचं जिनिंग बंद झालं.

(बंद फाटक. कडुनिंब. काट्याच्या खोलीचं उघडं दार.)

(थोडा वेळ आवाज नाही.)

आत्तापर्यंत तुम्ही जी मशीन, जे ढीग, जी रांग पाहिली, ती माझ्याकडची आहे. बाबूजी हंगामात आठवड्यातून एकदा येतात. चहा घेतात, रुई ओढून बघतात, आकडा बोलतात.

(पुन्हा हात. या वेळी वहीवर.)

हे जानेवारीतलं चित्रण. संध्याकाळ. जाण्याआधी त्यांनी वही मागितली. माझ्याकडे सगळं संगणकावर आहे, तरी फाटकावर ही वही असते. चार रकाने. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकतंय. आणि इथे थांबलं. नाव आहे, गाव आहे, आत आल्याची वेळ दुपारी 2 वाजून 10 मिनिटं. शेवटचा रकाना कोरा.

"हा कुठी हाय?"

बाहेर सात वाजत आले होते. मी टॉर्च घेऊन आवारात धावलो. कॅमेरा तिथेच राहिला. मी त्या माणसाला घेऊन परत येईपर्यंत ते बोट त्याच ओळीवर होतं.