ब्रॅडलॉ यांची शपथ आणि मुंबईची काँग्रेस

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय 'चार्ल्स ब्रॅडलॉ आणि १८८९ ची मुंबई काँग्रेस' असा छापला आहे. मुंबईला आपण पोचणार आहोत, पण लंडनवरून. तिथली सहा वर्षं कळल्याशिवाय हा ब्रिटिश खासदार आजारातून उठून बोटीने इथे का आला, ते उमगायचं नाही. काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळातले इंग्रज पुढारी ह्यूम आणि वेडरबर्न ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. ब्रॅडलॉ मात्र भेटलेच तर अ‍ॅनी बेझंटबाईंच्या चरित्रात, त्यांचे जुने सहकारी म्हणून. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

ब्रॅडलॉ यांचा जन्म १८३३ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील वकिलाकडे कारकून. मुलगा चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचा. चर्चची ३९ कलमं आणि शुभवर्तमानं यांचा मेळ बसेना, म्हणून त्याने पाद्रीबुवांना चिठ्ठी लिहून विचारलं. बुवांनी शंका फेडली नाही. 'पोरगा नास्तिक झाला' असं बापाला कळवलं. (हशा) हसताय खरे, पण त्यापायी पोराला घर सोडावं लागलं. पुढे काही वर्षं पलटणीत, मग वकिलाच्या कचेरीत आणि रात्री व्याख्यानं. १८६८ पासून नॉर्थॅम्प्टनमधून उभे राहायचे आणि पडायचे. नॉर्थॅम्प्टन म्हणजे जोडे शिवणाऱ्यांचं गाव. त्या कारागिरांनी १८८० साली त्यांना पार्लमेंटवर निवडून दिलं.

आता खरी गोष्ट. सभागृहात बसायचं तर देवाची शपथ घ्यायला हवी. ब्रॅडलॉ म्हणाले, मी देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा करतो. क्वेकर या शपथ न घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ती मुभा १८३३ पासून होती, यांना नाकारली. बरं, मग शपथ घेतो, म्हणाले. तर विरोधक म्हणाले, तुमचा देवावर विश्वास नाही, तुमची शपथ आम्हाला चालणार नाही! दोन्ही दारं बंद. विरोधात पुढे होते सर हेन्री ड्रमंड वुल्फ आणि लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टनचे वडील. या चर्चिलसाहेबांनी ब्रॅडलॉ यांची राजघराण्याविरुद्धची पुस्तिका भर सभागृहात जमिनीवर आपटून पायाखाली तुडवली. २३ जून १८८० ला ब्रॅडलॉ बाहेर जायला तयार होईनात, तेव्हा त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडलं. तिथे कोंडलेले ते शेवटचे.

पुढे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी वाट काढली आणि ब्रॅडलॉ प्रतिज्ञा करून बसले. लगेच कोर्टात दावा: बेकायदा दिलेल्या प्रत्येक मताला ५०० पौंड दंड! त्या दाव्यापायी १८८१ मध्ये जागा गेली. नॉर्थॅम्प्टनने पुन्हा त्यांनाच पाठवलं. ३ ऑगस्टला ते आत जाऊ लागले तेव्हा शिपाई आणि पोलिसांनी या धिप्पाड माणसाला जिन्यावरून खाली ओढत नेलं. कोट फाटला, दम लागला. अंगणात उभे राहून त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं की मी पुन्हा येईन, आणि पुरेसं बळ घेऊन येईन. त्याने विचारलं, कधी? उत्तर आलं की मी हात वर केला तर एका मिनिटात. फाटकाबाहेर त्यांची हजारो माणसं उभी होती, अर्ज घेऊन आलेली. हात त्यांनी वर केला नाही. माझ्या मते सगळा ब्रॅडलॉ या प्रसंगात आहे. बळ नव्हतं असं नाही; पण त्यांना सभागृह फोडून आत जायचं नव्हतं, मतदारांच्या हक्काने जायचं होतं.

पुढल्या वर्षी तर त्यांनी खिशातून बायबल काढलं आणि शपथ स्वतःच स्वतःला दिली. हकालपट्टी झाली. १८८२ मध्ये पुन्हा निवडून, १८८४ मध्ये पुन्हा. मधे १८८३ ला प्रतिज्ञेचं विधेयक ३ मतांनी पडलं, २९२ विरुद्ध २८९. शेवटी जानेवारी १८८६ मध्ये नव्या सभापतींनी, आर्थर पील यांनी, कुणालाही मधे बोलू दिलं नाही. शपथ झाली, प्रश्न मिटला. १८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांनी स्वतः कायदा करवून घेतला आणि प्रतिज्ञेचा पर्याय सगळ्यांना खुला झाला.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा मुंबईचं भराभर सांगतो.

हिंदुस्थानच्या बाजूने बोलणारे खासदार हेन्री फॉसेट १८८४ ला वारले, आणि पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू लावून धरायचं काम ब्रॅडलॉ यांच्याकडे आलं. १८८९ च्या शरद ऋतूत ते मरणाच्या दारातून परतले. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला आणि त्यांनी मुंबई गाठली. वेडरबर्न अध्यक्ष, प्रतिनिधी १८८९, सालाइतकेच! ठराव होता कायदे कौन्सिलांत लोकनियुक्त सभासद घेण्याचा. मंडपात टिळक आणि गोखले दोघेही होते. टिळकांनी उपसूचना मांडली आणि गोखल्यांनी अनुमोदन दिलं. हे दोघे एका बाजूला, हे पुढे किती दुर्मीळ झालं ते तुम्ही जाणताच. ब्रॅडलॉ त्या सभेत म्हणाले की मी लोकांसाठी नाही तर कुणासाठी काम करू?

माझं म्हणणं एवढंच की नॉर्थॅम्प्टनचा लढा आणि मुंबईची मागणी वेगळ्या काढता येत नाहीत. आपला प्रतिनिधी कोण, हे मतदार ठरवणार, वर बसलेले नाहीत, हे तत्त्व या माणसाने स्वतःच्या अंगावर सहा वर्षं झेललं होतं. म्हणूनच परत जाऊन १८९० मध्ये त्यांनी कौन्सिल सुधारणेचं विधेयक आणलं. ते पुढे सरकलं नाही. सरकारने आपलं सौम्य विधेयक आणलं.

२७ जानेवारी १८९१ ला सभागृहाने त्यांना शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारणारा १८८० चा ठराव दप्तरातून खोडून टाकला. ते बेशुद्ध होते, त्यांना कळलंही नाही. ३० तारखेला ते गेले. सरकारी विधेयकाचा कायदा १८९२ ला झाला. त्यात निवडणुकीचा उघड उल्लेख टाळला होता, पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांना नावं सुचवता येऊ लागली, सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं. याच कायद्याखाली फिरोजशहा मेहता मुंबई कौन्सिलात गेले आणि १८९५ मध्ये टिळकही गेले. त्या कायद्याच्या नियमांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर चहाच्या वेळी भेटा, मी इथेच आहे.